स्मरणिकेतलं अर्धं पान: एका सरकारी हायस्कुलाच्या इतिहासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा डिचोली तालुक्यातली, सरकारी हायस्कूल. गावाचं नाव देत नाही, शाळेची वर्षंही मुद्दाम देत नाही, कारण इथे दोन वर्षं सांगितली की तिसरा माणूस लगेच गाव ओळखतो आणि मग फोन सुरू होतात. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून सुवर्णमहोत्सव करायचं ठरलं, समिती झाली, त्यात हेडमास्तर, पालक-शिक्षक संघाचे दोघे, माजी विद्यार्थी, वाड्याचा (वस्तीचा) पंच, देवस्थान समितीचे अध्यक्ष आणि शिक्षकांतर्फे मी. स्मरणिका काढायचं काम माझ्याकडे आलं, म्हंजे मजकूर माझ्याकडे आणि जाहिराती बाकीच्यांकडे.

आधी थोडा मागचा काळ, नाहीतर पुढचं समजणार नाही. पोर्तुगीज काळात अशा गावात शिकायचं म्हंजे सरकारी प्राथमिक शाळेत 'सेगुंद ग्राव', म्हंजे प्राथमिकची शेवटची परीक्षा, पास व्हायचं, बहुतेकांचं शिक्षण तिथंच संपायचं. पुढे लिसेंव (पोर्तुगीज हायस्कूल) होतं पण ते पणजीत, आणि गावच्या पोराला पणजीला ठेवणार कोण. मराठी शिकायचं ते खाजगी शाळांतून, पणजीचं मुष्टिफंड (मराठी शाळा चालवणारी संस्था) १९०८ पासूनचं आहे, पण ते शहरातलं, गावात असायचा एखादा मास्तर आणि कुणाची तरी पडवी. मॅट्रिक व्हायचं असेल तर बेळगाव, नाहीतर पुणं-मुंबई. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, दोन वर्षांनी २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले, आणि मग गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा निघाल्या म्हंजे मास्तर आले आणि पोरं आली, इमारती काय लगेच आल्या नाहीत. देवळं, पडव्या, खळी, जिथं छप्पर तिथं शाळा.

आमच्या गावात प्राथमिक होती पण चौथीच्या पुढे काय नव्हतं. बेळगावला मॅट्रिक होऊन आलेल्या एका मास्तरांनी देवळाच्या सभामंडपात पाचवीचा वर्ग सुरू केला, सरकारी पगार नाही, कोण भात देणार, कोण नारळ. काही महिन्यांनी तो वर्ग तिथून उठला आणि एका ख्रिश्चन घराच्या बलकांवात (पुढच्या ओसरीत) गेला. मग सरकारने शाळा ताब्यात घेतली, मिडल स्कूल केलं, नंतर आठवीपासून एकेक वर्ग वाढत हायस्कूल झालं. पहिल्या बॅचने अकरावीची एसएससी दिली ती पुण्याच्या बोर्डाची, कारण गोव्याचं स्वतःचं बोर्ड व्हायला १९७५ चा कायदा यावा लागला.

हे एवढं सगळ्यांना माहीत होतं. वर्ग सभामंडपातून का उठला ते मात्र सगळ्यांना माहीत नव्हतं, किंवा होतं आणि कोण बोलत नव्हतं.

मुलांनी काय गोळा केलं

समितीची पहिली कल्पना नेहमीचीच होती, मंत्र्यांचा शुभसंदेश, आमदारांचा शुभसंदेश, दहावीत पहिल्या आलेल्यांची यादी, शिक्षकांचे फोटो आणि मधे मधे बार आणि हार्डवेअरच्या जाहिराती. अशी स्मरणिका लोक स्वतःचा फोटो बघून कपाटात टाकतात. म्हणून मी सुचवलं की नववीच्या मुलांना सोशल सायन्सचा प्रोजेक्ट म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायला लावू, मोबाइल सगळ्यांकडे आहेतच. हेडमास्तरांनी हो म्हटलं, इंटरनल मार्क पण त्यालाच द्यायचे ठरले.

जे आलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं होतं. पावसात व्हाळाला (ओढ्याला) पाणी चढलं की पलीकडच्या वाड्यावरची पोरं शाळेत यायचीच नाहीत आणि मास्तर हजेरीपटात त्यांची गैरहजेरी लावायचे नाहीत, हे दोन वेगवेगळ्या बॅचच्या लोकांनी सांगितलं. मार्च-एप्रिलात काजूच्या मोसमात अर्धा वर्ग रिकामा, सकाळी बोंडूंपासून (काजूच्या फळांपासून) बिया सोडवायच्या नि मग परीक्षेला पळायचं, त्यामुळे पेपराला हाताला वास. (२०२५ पासून सहावीपासूनचे वर्ग एप्रिलात सुरू व्हायला लागले तेव्हा मला हेच आठवलं, काजूवाल्या गावांना यात नवीन असं काय नव्हतं.) एकाने १९६७ च्या जनमत कौलाचं सांगितलं, १६ जानेवारीला मतदान होतं, त्याच्या आधी शाळा सुटली की पोरं 'फूल' आणि 'दोन पानं' अशा दोन टोळ्या करून भांडायची, आमच्या भागात फुलाचा जोर म्हंजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणाऱ्यांचा, त्यामुळे दोन पानांच्या, म्हंजे गोवा वेगळा ठेवायचं म्हणणाऱ्यांच्या, बाजूला जायला कोण तयारच नसायचं, मग सगळ्यात लहान पोरांना ढकलायचे. एका काकींनी सांगितलं की मुलींना आठवीनंतर घरी बसवायचे कारण हायस्कुलच्या रस्त्याला खनिजाचे ट्रक चालायचे आणि आईबापांना ती भीती पुरेशी वाटायची. नंतरच्या बॅचची पोरं नववी सोडून त्याच ट्रकांवर क्लीनर म्हणून गेली, आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचे ट्रक दारात उभे राहिले, तोवर त्यांची पोरं आमच्या शाळेत होती. मराठी प्राथमिकमधून आलेल्या पोरांचे पाचवीत इंग्लिश मीडियमशी पहिले सहा महिने कसे जातात यावर तर प्रत्येक पिढीने काय ना काय सांगितलंय, ते वेगळं पुस्तक होईल.

या सगळ्यात एक रेकॉर्डिंग होतं, साधारण वीस मिनिटांचं. एका मुलीने तिच्या शेजारच्या आजीचं घेतलेलं. आजी सभामंडपातल्या त्या पहिल्या वर्गात होत्या. त्या म्हणाल्या की आमच्या वाड्यावरची पोरं सभामंडपात बसत नव्हती, बाहेर खालच्या पायरीवर बसायची, पाऊस आला की भिजायची नाहीतर घरी जायची. समाजाचं नाव मी इथे घालत नाही, गरज नाही. आणि पुढे त्या म्हणाल्या की मास्तर आत शिकवून झालं की बाहेर येऊन पायरीवर बसून आमच्या पाट्या तपासायचे, नि पावसाळा आला तेव्हा तेच म्हणाले की वर्ग इथून हलवूया, बलकांवात सगळे एकत्र बसतील.

नववीच्या मुलीने ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं लिहून काढलं होतं, खाली स्वतःची सही आणि रोल नंबर.

प्रश्न

देवस्थान समितीच्या बाजूने चालत आलेली गोष्ट वेगळी होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवळाने शाळेला पहिली जागा दिली, जत्रेच्या आधी सभामंडपाचं काम काढलं म्हणून वर्ग तात्पुरता हलवला, नि तिकडे सोय बरी म्हणून तिथंच राहिला. अध्यक्ष हे रेटून बोलत होते असं नाही, त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितलेलं. आणि हेही खरं की देवळाने जागा दिली नसती तर तो वर्ग सुरूच झाला नसता. बलकांववाल्या घरचे लोक आता पोर्तुगालला, फोनवर त्यांच्या मुलाने सांगितलं की आम्हाला एवढंच माहीत की पप्पांनी मास्तरांना हो म्हटलं, कारण काय ते विचारलं नसणार.

म्हंजे एका घटनेची दोन कारणं, लिहिलेलं काहीच नाही, मास्तर वारलेले. आणि स्मरणिकेची मागच्या कव्हरची जाहिरात देवस्थानची.

त्यात सुवर्णमहोत्सव कुठल्या वर्षापासून मोजायचा यावर आधीच वाद चाललेला. सभामंडपाच्या वर्गापासून धरलं तर पन्नास कधीच होऊन गेलेली, सरकारने ताबा घेतला तिथून धरलं तर दोन वर्षं उशीर, आठवीचा वर्ग सुरू झाला तिथून धरलं तर बरोबर पन्नास. बाहेरच्याला हे हिशेबाचं भांडण वाटेल. पण सभामंडपापासून धरायचं म्हणणारे आणि नको म्हणणारे कोण कोण हे बघितलं तर लगेच कळतं की भांडण वर्षाचं नव्हतं.

कोणते पर्याय होते

हेडमास्तरांचा पर्याय सगळ्यात सोपा, सरकारी आदेशापासून इतिहास सुरू करा. आधीचं खाजगी, त्याची आपल्याकडे नोंद नाही, विषय संपला. त्यांच्या जागेवर बसून बघितलं तर बरोबरच, ते तीन वर्षांनी बदली होऊन जाणार, त्यांना शिक्षण संचालनालयात कुणी पत्र टाकायला नको होतं. पण असं केलं तर पायरीबरोबर मास्तर पण जातात, ज्यांनी पगाराशिवाय शाळा उभी केली तोच माणूस शाळेच्या इतिहासातून बाहेर. मला हे पटणं शक्यच नव्हतं.

दुसरा पर्याय माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचा, सभामंडपाचं लिहा, देवळाचे आभार माना, वर्ग 'पुढे हलवण्यात आला' एवढंच लिहा, कारण नको. कर्मणी प्रयोगात गावची बरीच दुखणी लपवता येतात हे मी त्या मीटिंगमध्ये शिकलो. यात खोटं एकही वाक्य नसतं हाच त्याचा त्रास.

तिसरा, आजींची मुलाखत पूर्ण छापायची, नावासकट. तरुण माजी विद्यार्थी याच्या बाजूने, त्यातला एक तर म्हणाला की नाही छापलं तर मी फेसबुकवर टाकतो.

चौथा, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापायच्या, कोण काय सांगतं ते स्पष्ट लिहून, निवाडा न करता. यावर आक्षेप दोन्हीकडून आला. एका बाजूचं म्हणणं, देवस्थानच्या समितीचं आणि एका म्हातारीच्या आठवणीचं वजन सारखं कसं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जी पायरीवर बसली तिचं आणि जे नंतर ऐकून सांगतात त्यांचं वजन सारखं कसं. मला विचाराल तर दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तरी मी चौथ्याच पर्यायाच्या बाजूने होतो, कारण वर्ग हलवायचं कारण काय हे मास्तरांच्या मनातलं होतं, पायरीवर कोण बसलं हे मात्र आजींनी स्वतः बघितलेलं. हे दोन वेगळे दावे आहेत आणि समितीत सगळेजण ते एकच असल्यासारखे बोलत होते. पायरीबद्दल देवस्थानकडे दुसरी बाजू नव्हतीच, नुसतं मौन होतं. वाद खरा होता तो फक्त हलवण्याच्या कारणाबद्दल.

काय केलं

आधी जनरल रजिस्टर काढलं. सरकारी शाळेत जीआर म्हंजे सगळ्यात जुना साक्षीदार, नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, दाखला घेतल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं एका ओळीत. पहिल्या रजिस्टरचे कोपरे वाळवीने खाल्लेले पण आतलं वाचता येत होतं. इथे पहिला निर्णय घ्यायचा होता, हे मुलांच्या हातात द्यायचं का? प्रोजेक्ट त्यांचा, उत्साह त्यांचा, पण त्यात गावातल्या जिवंत माणसांच्या जातीच्या नोंदी, नापास झालेल्यांचे शेरे, कुणाच्या जन्मतारखा ज्या नंतर कागदोपत्री बदलल्यात. आम्ही नाही दिलं. मी आणि ऑफिसातल्या क्लार्कने बसून फक्त तीन गोष्टी उतरवल्या, वर्ष, मुलगा की मुलगी, आणि आधीची शाळा नि सोडल्याचं कारण हे दोन खण मिळून एक. मुलांना ती उतरवलेली पानं दिली. एकदोन पालकांना वाटलं की आम्ही लपवतोय, पण तो निर्णय बरोबरच होता असं मी अजून म्हणेन.

रजिस्टर सरकारच्या ताब्यानंतरचं, त्यामुळे सभामंडपाची थेट नोंद त्यात असणार नव्हती. पण पहिल्या पानांवर 'आधीची शाळा' या खणात बहुतेकांपुढे 'खाजगी वर्ग' असं लिहिलंय आणि काहींपुढे खण कोरा. कोरा खण असलेली बरीच पोरं आजींच्या वाड्यावरची निघाली. मी लगेच उड्या मारल्या नाहीत. कोऱ्या खणाची कारणं पुष्कळ असतात, क्लार्क कंटाळला असेल, पालक आला नसेल. पुरावा म्हणून ते कच्चं, पण आजी सांगतात त्याच्या विरोधात जाणारं त्यात काही नाही, एवढंच म्हणता येतं आणि आम्ही तेवढंच छापलं.

मग दुसरी गोष्ट, जी खरं तर पहिली व्हायला हवी होती. समितीच्या तीन मीटिंगा झाल्या, आवाज चढले, आणि या सगळ्यात आजींना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला हे छापायला हवंय का. वकील असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते सुचवलं, त्याला बदनामीची काळजी होती, आम्हाला दुसरीच गोष्ट कळली. हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या एक टीचर, ती मुलगी आणि मी असे तिघं गेलो. आजींनी चहा केला, लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं, ऐकून म्हणाल्या की छापा, माझं नाव नको कारण सून त्या देवळाच्या जत्रेत दुकान लावते, आणि मास्तरांबद्दल जे बोलले ते अर्धवट कापायचं नाही, ते सगळं यायला पाहिजे. त्यांना पायरीपेक्षा मास्तर पायरीवर येऊन बसायचे हे जास्त महत्त्वाचं होतं. समितीत कोणीच त्या अंगाने बोलत नव्हतं, सगळे देऊळ विरुद्ध वाडा एवढंच धरून बसलेले.

त्यानंतर मजकूर अर्ध्या पानाचा झाला. पहिल्या परिच्छेदात देवळाने जागा दिली, मास्तरांनी वर्ग चालवला. दुसऱ्यात, 'त्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं' म्हणून पायरी, पाट्या, पाऊस, तिच्याच शब्दांत. तिसऱ्यात वर्ग का हलला याबद्दल दोन सांगण्या, कुणाची कुठली ते लिहून. जीआरचं दोन ओळीत. देवस्थानच्या अध्यक्षांना छापायच्या आधी घरी जाऊन वाचायला दिलं, मंजुरीसाठी नव्हे, माहिती म्हणून, हे आधीच सांगून.

वर्षाचा वाद असा मिटवला की फाटकावरच्या पाटीवर 'स्थापना' हा शब्दच घातला नाही, तीन ओळी घातल्या, वर्ग सुरू झाला ते वर्ष, सरकारी शाळा झाली ते वर्ष, हायस्कूल झालं ते वर्ष. पेंटरने तीन ओळींचे पैसे घेतले.

काय झालं

देवस्थानने मागच्या कव्हरची जाहिरात काढून घेतली. अध्यक्ष मात्र कार्यक्रमाला आले, पुढच्या रांगेत बसले, बोलायला उठले नाहीत. कव्हर एका पहिल्या बॅचच्या माणसाने भरलं, स्वतःचं नाव न घालता. स्मरणिका महिनाभर उशिरा निघाली, स्नेहसंमेलनाच्या दिवशी हातात नव्हतीच, त्यामुळे ज्यांना वाटायची होती त्यातले अर्धे मिळायच्या आधी मुंबईला परत गेले. ती बलकांववाल्या घरची मंडळी पीडीएफ मागून घेऊन गेली.

आजींच्या वाड्यावरचे काही लोक खूश नव्हते. त्यांचं म्हणणं, नाव नाही, समाज नाही, 'एक विद्यार्थिनी' एवढंच, हे सांगणं आहे की झाकणं? हा आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही. आजींचा शब्द पाळायचा होता आणि त्यांच्या वाड्याचा राग पण खरा होता, दोन्ही एका पानात बसत नव्हतं.

मुलांचं सांगायचं तर नववीतल्या त्या मुलीला प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले, आणि वर्गातल्या दोन पोरांशी तिचं बोलणं वर्षभर बंद होतं. ते कुठल्या घरचे ते लिहायला नको.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी, लिखित, आणि नंतर पुन्हा एकदा छापायच्या आधी. मुलांना आम्ही प्रश्नावली दिली होती, संमतीचा कागद दिला नव्हता, त्यामुळे सगळा भार एका पंधरा वर्षांच्या मुलीवर आला. आणि मार्क जोडायला नको होते. मार्क आहेत म्हटल्यावर मुलं सनसनाटी काहीतरी मिळवायच्या मागे लागतात नाहीतर गुळगुळीत लिहून मोकळी होतात, दोन-तीन मुलाखती तर उघड उघड घरी बसून लिहिलेल्या वाटत होत्या.

जाहिरातींचे पैसे मजकूर फायनल झाल्यावरच घ्यायचे. हे सगळ्यात व्यवहाराचं. देवस्थानचा चेक आधी आला नसता तर तिसऱ्या मीटिंगमधला निम्मा आवाज चढलाच नसता.

मुलाखतींची मूळ रेकॉर्डिंग हेडमास्तरांच्या कपाटात पेनड्राइव्हवर होती. हेडमास्तरांची बदली झाली, नवीन आल्या, किल्ली मिळाली, पेनड्राइव्ह चालत नव्हता. सुदैवाने त्या मुलीच्या मोबाइलमध्ये तिचं रेकॉर्डिंग होतं, बाकीची गेली. सरकारी शाळेची आठवण अशी बदल्यांबरोबर गळत जाते, अनुदानित खाजगी शाळेत निदान संस्था तीच राहते, ट्रस्टी तेच राहतात, त्यांचा बालरथ (शाळेची बस) आमच्या वाड्यावर येऊन पोरं पण घेऊन जातो. पणजीला पुराभिलेख खातं आहे, १५९५ साली सुरू झालेलं, पोर्तुगीज काळातले कागद सांभाळणारं, तिथे निदान एक प्रत द्यायला हवी होती, आजींची संमती घेऊन. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, सगळ्यांना वाटलं पुराभिलेख म्हंजे राजेरजवाड्यांचं काम.

आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाखती. आमच्याकडे पायरीवरची एक आठवण आली, सभामंडपात आत बसलेल्यांपैकी निदान चार-पाच जण तेव्हा हयात होते आणि त्यातल्या दोघांच्या मुलाखती झालेल्या पण होत्या, काजू, व्हाळ, फूल-दोन पानं सगळं विचारलं, बाहेर कोण बसायचं हे त्यांना कुणी विचारलंच नाही. प्रश्नावलीतच तो प्रश्न नव्हता. नंतर विचारायला गेलो तेव्हा एकजण म्हणाले की आठवत नाही, दुसरे म्हणाले की आता कशाला.

सध्या नवीन हेडमिस्ट्रेसनी जीआर स्कॅन करून घ्यायला पर्वरीला संचालनालयात पत्र पाठवलंय. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी येऊन रजिस्टर बघितलं, वाळवीचं औषध मारून घ्या म्हणाले, स्कॅनिंगच्या पैशांचं अजून कळलेलं नाही.